जनरेटरचं विरजण

गेल्या जुलैतली गोष्ट. कोलार रोडवर राहणाऱ्यांना सांगायला नको, पहिला मोठा पाऊस आला की आमच्याकडे लाइट जातेच. त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला गेली. सोसायटीत डीजी सेट आहे, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. चौकीदाराने बटण दाबलं, इंजिन धडधडायला लागलं, धुराचा वास वर आमच्या गॅलरीपर्यंत आला. पण लाइट काही आली नाही.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. इंजिन व्यवस्थित चालू, आणि लिफ्ट बंद, जिन्यातले दिवे बंद, पाण्याची मोटर बंद. पाचव्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या दोन पिशव्या घेऊन खालच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांच्या गुडघ्यांना पाच मजले झेपणारे नव्हते. चौकीदार बिचारा चेंजओव्हर स्विच खाली-वर करत होता. शेवटी नयापुऱ्याहून इलेक्ट्रिशियन आला. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, मीटर बघितला आणि म्हणाला, "दीदी, मशीन भूल गई है."

काय विसरलं? तर वीज बनवायला! त्याने इंजिन बंद केलं, मागचं झाकण उघडलं, दोन बारीक तारा सोडवल्या, त्यांना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दोन-तीन सेकंद स्पर्श दिला, तारा परत होत्या तशा लावल्या. इंजिन सुरू केलं आणि पूर्ण बिल्डिंग उजळली. काकू लिफ्टने वर गेल्या.

माझी भाची नववीत आहे. ती शेजारी उभी राहून मोबाइलचा टॉर्च धरत होती. वर येताना तिने विचारलं, "आत्या, जनरेटर वीज बनवतो ना? मग त्याला आधी वीज कशाला लागते?"

हा प्रश्न इतका बरोबर आहे की मी त्याच्यावर हा लेख लिहायला बसले. कारण हाच प्रश्न, बऱ्याच मोठ्या आकारात, एका रात्री माझ्यासमोर उभा राहिला होता आणि त्यात माझी स्वतःची एक चूक होती.

आधी भाचीला दिलेलं उत्तर. आई रोज रात्री दुधाला विरजण लावते. दूध कितीही चांगलं असो, कालचं चमचाभर दही पडल्याशिवाय त्याचं दही होत नाही. जनरेटरचंही तसंच आहे. लोहचुंबक फिरवला आणि त्याच्याभोवती तांब्याची गुंडाळी असली की गुंडाळीत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये ही गोष्ट दाखवली. पण मोठ्या जनरेटरमध्ये कायमचा चुंबक नसतो. तिथे फिरणाऱ्या भागावर, म्हणजे रोटरवर, गुंडाळी असते आणि तिच्यातून डीसी करंट सोडून त्याला विद्युतचुंबक बनवतात. करंट कमी-जास्त केला की चुंबक कमी-जास्त होतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज हातात राहतं. या सगळ्या व्यवस्थेला एक्सायटेशन म्हणतात.

हा करंट जनरेटर चालू असताना स्वतःच्याच विजेतून घेतो. पण सुरुवातीला स्वतःची वीज नसते, तेव्हा? बंद झालेल्या मशीनच्या लोखंडात थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं. तेच विरजण. छोट्या मशीनमध्ये त्या उरलेल्या चुंबकत्वातून काही व्होल्ट तयार होतात, त्यातून रोटरला थोडा करंट मिळतो, त्याने चुंबक वाढतो, मग व्होल्ट वाढतात, मग करंट वाढतो, असं चढत जातं. जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स, इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी १८६६-६७ च्या सुमारास वेगवेगळे हे ओळखलं. सीमेन्स आणि व्हीटस्टन यांचे निबंध तर लंडनच्या रॉयल सोसायटीत १४ फेब्रुवारी १८६७ या एकाच दिवशी वाचले गेले. आमच्या सोसायटीचा डीजी मार्चपासून कोणी चालवलाच नव्हता. विरजण आटून गेलं होतं. इलेक्ट्रिशियनने बॅटरीचं उसनं विरजण लावलं. (हे वाचून स्वतः करायला जाऊ नका. तारा न सोडवता बॅटरी लावली तर व्होल्टेज सांभाळणारं कार्ड जळतं, आणि प्लस-मायनस उलटं झालं तर उरलंसुरलं विरजणही नासतं.)

आता मोठ्या मशीनकडे. पण त्याआधी आमच्या घराबद्दल थोडं.

माझे बाबा भेलमधून निवृत्त झाले. बाहेरच्या मराठी लोकांना भेल म्हटलं की चौपाटी आठवते, भोपाळमध्ये भेल म्हणजे कारखाना. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून त्याची कंपनी स्थापन झाली, तंत्रज्ञानाचं साहाय्य इंग्लंडच्या एईआय कंपनीचं होतं, आणि १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वस्त्यांत देशाच्या प्रत्येक कोपऱ्यातली माणसं राहायला आली, त्यात आपली मराठी घरंही होती. माझे आजोबा त्यातलेच. भोपाळच्या कारखान्यात जलविद्युत केंद्रांची टर्बाइन्स आणि जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, रेल्वे इंजिनांच्या मोटरी बनतात. औष्णिक केंद्रांचे मोठे जनरेटर हरिद्वारला. बाबांचं अर्धं आयुष्य साइटवर मशीन सुरू करून देण्यात गेलं. लहानपणी माझ्यासाठी बाबा म्हणजे रात्री अकराला येणारा ट्रंक कॉल.

मी बीई इलेक्ट्रिकल केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये गेले. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांना ते फार रुचलं नसावं. मी ज्या कंपनीत आहे तिचं काम वीज केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवण्याचं आहे: कोणती घटना कोणत्या मिलिसेकंदाला झाली त्याची नोंद, आणि देखभालीच्या चेकलिस्टा कागदावरून टॅबवर आणणं. म्हणजे मी फिरून त्याच विहिरीपाशी आले, फक्त दोर वेगळा.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका औष्णिक केंद्रात आमचं सॉफ्टवेअर नवीन बसवलं होतं. केंद्राचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. २१० मेगावॅटचा संच वार्षिक दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होता आणि त्या रात्री परत सुरू होणार होता. नवं सॉफ्टवेअर म्हणून मला कंट्रोल रूममध्ये बसवलं होतं.

औष्णिक संच सुरू करणं म्हणजे गाडीची किल्ली फिरवणं नव्हे. सकाळपासून बॉयलर तेलावर पेटलेला होता. वाफेचा दाब आणि तापमान हळूहळू चढवत, रात्री टर्बाइन फिरवायला घेतलं. ठरलेल्या टप्प्यांवर थांबत, कंपन बघत, दीड वाजता ते मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर आलं. दोन पोलांचा रोटर सेकंदाला ५० वेळा फिरतो, म्हणून आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. आता फक्त जनरेटरला एक्सायटेशन द्यायचं, व्होल्टेज १५.७५ किलोव्होल्टवर आणायचं आणि ग्रिडशी जोडायचं.

अशा जनरेटरला पूर्ण भाराला रोटरमध्ये अडीच हजार अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तो थायरिस्टरच्या कपाटातून येतो, कार्बनच्या ब्रशमधून फिरत्या स्लिप रिंगवर जातो आणि तिथून रोटरच्या गुंडाळीत. पण थायरिस्टरला आधी जनरेटरचं स्वतःचं व्होल्टेज हवं, आणि उरलेल्या चुंबकत्वातून मिळणारे शे-दोनशे व्होल्ट त्याला पुरत नाहीत. म्हणून सुरुवातीचे काही सेकंद केंद्राच्या २२० व्होल्टच्या बॅटरीतून थोडा करंट देतात. याला फील्ड फ्लॅशिंग म्हणतात. नयापुऱ्याच्या इलेक्ट्रिशियनने जे १२ व्होल्टवर केलं तेच इथे.

ऑपरेटरने फील्ड ब्रेकर लावला. फ्लॅशिंग सुरू झालं. सगळ्यांचे डोळे व्होल्टमीटरवर. काटा जागचा हलला नाही. काही सेकंदांनी अलार्म वाजला: फ्लॅशिंगची वेळ संपली. ब्रेकर आपोआप उघडला.

पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच.

आणि मग खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. महिनाभरात नवीन काय आलं होतं? सॉफ्टवेअर! कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आपका सिस्टम कुछ रोक तो नहीं रहा?" आमचं सॉफ्टवेअर फक्त नोंदी वाचतं, कशालाही हात लावत नाही. मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला होता, त्यामुळे कोणाला पटलं नसावं.

घड्याळ धावत होतं. टर्बाइन पूर्ण वेगाने पण भाराशिवाय फिरत राहिलं की वाफेचा प्रवाह कमी असतो आणि शेवटच्या टप्प्यांची पाती तापत जातात. गार ठेवायला पाण्याचा फवारा सुरू होता, तरी तापमान वर सरकत होतं. बॉयलरमध्ये तेल जळत होतं. संच बंद केला तर सगळं पहिल्यापासून. एक जण म्हणाला, वेळेची मर्यादा वाढवून तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ फ्लॅशिंग देऊ, एक वायर टाकून रिले बायपास करू. दुसरा म्हणाला, रेग्युलेटरचं कार्ड बदलू. शिफ्ट इन्चार्ज काही बोलत नव्हते. नंतर कळलं की त्यांच्या मनात तिसरीच भीती होती. रोटरची गुंडाळीच आत कुठे तुटली असेल तर? मग रोटर बाहेर काढून कारखान्यात, आणि संच कित्येक महिने बंद.

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि बाबांना फोन लावला. रात्रीचे दोन वाजून गेले होते. दुसऱ्या रिंगला उचलला.

"बाबा, व्होल्टेज बिल्ड होत नाहीये."

"कोणता संच?" मी सांगितलं. "किती वेळा मारलं?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा मारू देऊ नकोस. तो फ्लॅशिंगचा रेझिस्टर काही सेकंदांसाठीच असतो, सारखा तापवला तर जळेल. आणि कुठे सैल जोड असला तर तिथे ठिणगी पडेल. आधी मला सांग, फ्लॅशिंग चालू असताना रोटरला करंट किती गेला?"

मला माहीत नव्हतं. कंट्रोल रूममध्ये कोणालाच माहीत नव्हतं. सगळे जनरेटरचं व्होल्टेज बघत होते, म्हणजे दही लागलं का ते. विरजण पडलं का, हे कोणी बघितलंच नव्हतं.

"तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही का?" बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, असं मी आजपर्यंत मानत आले आहे.

मी आत पळाले. नोंदी उघडल्या. दोन्ही प्रयत्नांत चित्र एकच होतं. फ्लॅशिंगचा कॉन्टॅक्टर लागला आहे. फील्ड ब्रेकर लागला आहे. ब्रेकरच्या पुढे, रोटरकडे जाणाऱ्या केबलवर व्होल्टेज जवळजवळ पूर्ण २२०. आणि करंट शून्य.

फोनवर वाचून दाखवलं. बाबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, रोटरचा रेझिस्टन्स किती असतो? ओहमचा दहावा हिस्सा. तो जोडलेला असेल तर त्याच्यावर २२० व्होल्ट टिकतील का? सगळं व्होल्टेज रेझिस्टरमध्ये पडेल, रोटरवर दहा-वीस उरतील. पाइपात प्रेशर पूर्ण आहे आणि बादलीत थेंब नाही. याचा अर्थ काय?"

कोलार रोडवर टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे कुठेतरी नळ बंद आहे.

त्यांनी मला जी रीत सांगितली ती मी नंतर वहीत उतरवून ठेवली. इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांत ती कोणी अशी सांगितली नव्हती, म्हणून इथे देते. फ्लॅशिंगच्या वेळी रोटरवर व्होल्टेजही नाही आणि करंटही नाही, तर दोष मागे आहे: बॅटरी उतरलेली, फ्यूज गेलेला, कॉन्टॅक्टर चिकटलेला, किंवा ब्रेकर "लागलो" म्हणतोय पण लागलेला नाही. व्होल्टेज आहे आणि करंट नाही, तर दोष पुढे आहे: केबल, ब्रश, स्लिप रिंग किंवा रोटर. आणि करंट व्यवस्थित जातोय पण जनरेटरचं व्होल्टेज दिसत नाही, तर आधी मीटरवर संशय घ्यायचा. कारण व्होल्टेज मोजणारा जो छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, पीटी, त्याचा फ्यूज गेला असेल तर जनरेटरमध्ये व्होल्टेज असूनही मीटर शून्य दाखवतो. हा प्रकार सगळ्यात वाईट. रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी आहे, म्हणून तो करंट वाढवत जातो आणि खरं व्होल्टेज मर्यादेबाहेर चढतं. म्हणूनच आजकालचे रेग्युलेटर दोन वेगवेगळ्या पीटींची तुलना करतात आणि एकाचा भरवसा वाटला नाही की दुसऱ्यावर जातात. त्या रात्री असं काही असतं आणि कोणी रिले बायपास केला असता, तर काय झालं असतं, यावर मी फार विचार करत नाही.

५०० मेगावॅटच्या बऱ्याच संचांत ही ब्रशची भानगडच नसते. तिथे शाफ्टवरच कायमच्या चुंबकाचा एक छोटा जनरेटर असतो, म्हणजे विरजण घरचंच. पण त्यांचं दुखणं वेगळं: फिरत्या डायोडचे फ्यूज जातात आणि ते बघायला स्ट्रोबोस्कोपचा लुकलुकणारा दिवा लावावा लागतो, ज्यात फिरणारी चकती थांबल्यासारखी दिसते. ते एकदा बघण्यासारखं आहे.

असो. आमचा दोष पुढे होता. रोटरची गुंडाळी? शिफ्ट इन्चार्जनी नोंदवही मागवली. तीन दिवसांपूर्वी थेट स्लिप रिंगवर मोजलेला रोटरचा रेझिस्टन्स बरोबर होता. त्यांनी वही मिटली, एका फोरमनना बरोबर घेतलं आणि खाली जनरेटरच्या टोकाशी गेले. मीही मागे गेले. ३,००० फेऱ्यांचा आवाज असा असतो की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. फोरमननी स्लिप रिंगच्या खिडकीतून टॉर्च मारला. दोन रिंगा. एका रिंगवर ब्रश नीट बसलेले. दुसऱ्या रिंगचे सगळेच्या सगळे ब्रश होल्डरमधून वर उचलून ठेवलेले.

झालं असं होतं. रोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासताना ब्रश उचलावे लागतात. ते उचलले होते, तपासणी झाली होती, आणि एका बाजूचे परत बसवायचे राहिले होते.

मग ब्रेकर उघडून कुलूप लावलं, परमिट काढलं, पायाखाली रबरी मॅट, हातात रबरी मोजे, आणि फोरमननी फिरत्या रिंगवर एकेक ब्रश बसवला, स्प्रिंगचा दाब बघत. हे काम चालू मशीनवर सरावलेली माणसंच करतात. मी दहा फुटांवर उभी होते आणि मला श्वास सोडायचं सुचत नव्हतं. पाऊण तास लागला. चार वाजायला दहा मिनिटं असताना तिसरा प्रयत्न केला. या वेळी मी व्होल्टमीटर बघितलाच नाही, रोटरचा करंट बघितला. आकडा शून्यावरून हलला. मग व्होल्टेज आलं, चढलं, थायरिस्टरने ताबा घेतला, फ्लॅशिंग सुटलं आणि काटा १५.७५ वर येऊन थांबला. साडेचारच्या आत संच ग्रिडवर होता. कोणीतरी चहा मागवला.

माझी चूक मला चहा पितानाच सापडली. ब्रश का राहिले हे बघायला मी टॅबवरची चेकलिस्ट उघडली. सगळ्या ओळींवर हिरवी खूण होती. "रोटर मेगर (ब्रश उचलणे, बसवणे)" या ओळीवरही. ही ओळ मी लिहिली होती. केंद्राच्या जुन्या कागदी रजिस्टरमध्ये तिथे दोन वेगळ्या ओळी होत्या, दोन वेगळ्या सह्यांच्या. एक ब्रश उचलल्याची, एक बसवल्याची. टॅबच्या स्क्रीनवर लिस्ट लांब होत होती, सारखं स्क्रोल करावं लागत होतं, म्हणून मी अशा जोड्या एकत्र केल्या होत्या. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. ज्या मुलाने मेगर केला त्याने तपासणी संपल्यावर खूण केली, त्याची शिफ्ट संपली, आणि दुसऱ्या शिफ्टला हिरवी खूण दिसली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

सकाळी दहाच्या बैठकीत त्या मुलाचं नाव पुढे आलं, तेव्हा मी उभी राहिले आणि दोन्ही कागद समोर ठेवले. जुनं रजिस्टर आणि माझी स्क्रीन. हात थरथरत होते हे कबूल करते. शिफ्ट इन्चार्ज रात्रभर जागे होते. त्यांनी दोन्ही बघितले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, दो लाइन कर दीजिए।" आमच्या कंपनीने मात्र लेखी खुलासा मागितला, तो मी दिला. नंतरचे तीन आठवडे आमच्या टीमने प्रत्येक केंद्राच्या चेकलिस्टमधल्या अशा जोड्या शोधून सुट्या केल्या. अर्थिंग लावलं, अर्थिंग काढलं. व्हॉल्व्ह उघडला, व्हॉल्व्ह बंद केला. चाळीसच्या वर सापडल्या.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या वेळी ब्रश उचलणारा माणूस फील्ड ब्रेकरच्या हँडलला लाल फडकं बांधून यायचा, आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. रजिस्टर कोणी वाचो न वाचो, हँडलला हात घालणाऱ्याला फडकं दिसायचंच. आता आमच्या सॉफ्टवेअरमध्येही ब्रश बसवल्याची खूण होईपर्यंत स्टार्टअपच्या पानावर लाल पट्टी राहते. तिचं नाव आम्ही कोडमध्ये "फडकं" असंच ठेवलं आहे.

भाचीने हे सगळं ऐकून पुढचा प्रश्न विचारला. सगळीकडचीच लाइट गेली तर? विरजण कुठून आणायचं?

तसं झालेलं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मध्य प्रदेशातूनच झाली होती. ३० जुलै २०१२, रात्री २ वाजून ३३ मिनिटं. बीना ते ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन जास्त भाराने सुटली आणि पूर्ण उत्तर ग्रिड अंधारात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तीच लाइन सुटली. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेलं. निम्म्या भारतात वीज नव्हती. भोपाळ आणि महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये येतात आणि ते दोन्ही दिवस टिकून राहिलं, म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती फक्त टीव्हीवरची बातमी वाटली.

अशा वेळी औष्णिक केंद्र स्वतःहून उठू शकत नाही. त्याला पाण्याचे पंप, हवेचे पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायलाच स्वतःच्या निर्मितीच्या सहा-आठ टक्के वीज लागते. ती शेजारच्या जिवंत ग्रिडकडून उसनी घ्यायची, नाहीतर जलविद्युत केंद्राकडून. धरणातलं पाणी वाट बघत असतंच. दार उघडायला तेलाचा दाब आणि बॅटरी पुरते, आणि रोटरला पहिलं विरजणही त्याच बॅटरीतून मिळतं. नर्मदेवरच्या इंदिरासागरला १२५ मेगावॅटचे ८ संच आहेत. नागपूरकरांच्या ओळखीच्या तोतलाडोहला पेंच नदीवर ८० मेगावॅटचे २, ज्यांची वीज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र वाटून घेतात. अशा केंद्रातला एक संच उठतो, त्याच्या विजेवर एका औष्णिक केंद्राचे पंप सुरू होतात, मग ते दुसऱ्याला उठवतं. शेजारणीकडून वाटीभर दही आणून आपलं लावायचं, आणि उद्या तिसरीला द्यायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून तुम्हाला हे आज कळलं होय?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डीजी सेट पंधरा मिनिटं भारावर चालवायचा. पंचवीस मिनिटं चर्चा झाली, बहुतेक डिझेलच्या खर्चावर, आणि पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या एका वाक्यावर ठराव मंजूर झाला. रजिस्टर भाचीने आखलं आहे. तारीख, वेळ, व्होल्टेज, सही. बाबा खुर्ची घेऊन खाली बसतात आणि इंजिनाचा आवाज ऐकतात. गेल्या रविवारी त्यांनी रजिस्टर चाळलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे भाचीने "चेंजओव्हर स्विच जनरेटरवर घेतला / परत मेनवर घेतला" असं एकाच चौकोनात लिहिलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मी पट्टी आणायला वर गेले.